भारूड, जलसा आणि पंढरीचं दार



या शताब्दी ग्रंथात दिंडीची स्थापना, विणेकऱ्यांची परंपरा, मुक्कामाची गावं हे सगळं जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. मला व्यवस्थापक मंडळ म्हणालं, महाराज, तुम्ही कीर्तनकार, तुम्ही कीर्तनावर लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. औत धरणं आणि टाळ धरणं एवढंच माझं शिक्षण. पण चाळीस वर्षं गावोगाव कीर्तनाला हिंडलो, जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलं, मिळेल ते पुस्तक वाचलं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली, ती इथं मांडतो.

गोष्ट अशी, की आपल्या मुलखात अन्यायाविरुद्ध माणसं जेव्हा जेव्हा गोळा झाली, तेव्हा आधी कुणीतरी गायलेलं आहे, कुणीतरी सोंग काढलेलं आहे. गाण्यानं माणूस जवळ येतो, त्याचं मन मऊ होतं. पण तेवढ्यावर थांबलं तर दार काही उघडत नाही. गाण्याच्या मागोमाग माणसाच्या हाताला काम दिलं, तेव्हाच ते उघडलं. इतिहासातले चार-पाच दाखले देतो, म्हंजे माझं म्हणणं ध्यानात येईल.

चोखोबांचा प्रश्न आणि नाथांचं सोंग

पहिला दाखला आपल्या रोजच्या पायाखालचा. पंढरीला महाद्वारात नामदेव पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. ते साल १३३८. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली असं आपण सांगतो. चोखोबा गायले, सोयराबाई गायली, निर्मळा, बंका गायले. लेक कर्ममेळा तर देवालाच आडवे प्रश्न घालणारा. आम्हाला दूर का ठेवलं, हा सगळ्या घराचा एकच सवाल.

आता तुम्हीच विचार करा. त्यांचे अभंग आपण देवळात गायलो, डोळ्यांत पाणी आणून गायलो. आणि त्यांची माणसं बाहेर पायरीपाशीच उभी राहिली. किती वर्षं? सहाशेच्या वर! अभंग आत गेला आणि अभंगवाला बाहेर राहिला. गाणं कमी पडलं असं मी म्हणत नाही. ऐकणाऱ्यानं गाणं ऐकलं आणि पुढचं काम केलं नाही, एवढंच म्हणतो.

दुसरा दाखला शांतिब्रह्म नाथ महाराजांचा. इसवी सन १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ. पैठणचे विद्वान ब्राह्मण, पण भारुडं रचताना त्यांनी कुणाची वाणी घेतली बघा. वासुदेव, गोंधळी, जोशी, भुत्या, जोगवा मागणारी बाई, आणि जोहार घालणारा महार. म्हंजे गावच्या दारात येणारा, ज्याला पसाभर दाणे घालून वाटेला लावायचं, तोच माणूस नाथांनी मधोमध उभा केला आणि त्याच्या तोंडून ब्रह्मज्ञान सांगितलं. ज्याला ओसरीवर घेत नव्हते त्याचं सगळ्या गावानं ऐकायचं!

सोंगाची हीच ताकद. पाटलाच्या तोंडावर जे बोलता येत नाही, ते सोंगाड्या बोलून जातो. पाटीलसुद्धा हसतो. हसून झाल्यावर घरी जाताना मात्र मनात टोचत राहतं. भाषणाला माणूस उलट उत्तर देतो. सोंगाला काय उत्तर देणार?

जोतीरावांचं नाटक आणि सत्यशोधक जलसा

आता तीनशे वर्षं पुढं येऊ. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. एक अडाणी कुणबी, त्याची गरोदर बायको, आणि ग्रहदशेची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी, अशी त्याची हकिगत. त्या काळी दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं. पण त्याचा शेवट बघण्यासारखा आहे. नवरा-बायको दोघं ठरवतात, की आपण जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकायला जायचं. नुसतं फसवलं फसवलं म्हणून रडून नाटक संपत नाही, ते शाळेच्या दारात नेऊन सोडतं. गाण्यामागचं काम मी म्हणतो ते हे.

२४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीवाचून पहिलं लग्न लागलं. जोतीरावांनी त्यासाठी नवी मंगलाष्टकं रचली. नवरा-नवरीनं एकमेकांना काय वचन द्यायचं, ते आपल्या मराठीत, दोघांना कळेल असं. शिवरायांचा पोवाडा त्यांनी आधीच, १८६९ साली रचला होता. पुढं अखंड रचले. अखंड म्हंजे अभंगाच्याच चालीतली रचना. त्यांना ठाऊक होतं की कुणब्याच्या कानाला अभंगाची चाल बसलेली आहे. नवी गोष्ट ओळखीच्या चालीवर ठेवली की ती पटकन उचलली जाते.

या समाजाच्या पुढच्या पिढीनं जलसे काढले. सातारा, कोल्हापूर, पुणे या भागात ते फार गाजले. बाज सगळा तमाशाचा. ढोलकी, डफ, तुणतुणं, झीलकरी. पण आत माल वेगळा. नेहमीच्या चावट बोलण्याच्या जागी सावकार आणि कुळाची बतावणी. अंगठा कशावर घेतला, शंभराचे पाचशे कसे झाले, पोरगं शाळेत गेलं असतं तर कागद वाचता आला असता, हे सगळं सोंगातून. भटजीवर टीका असायची, आणि ती कडक असायची, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण रात्रभर हसलेला कुणबी पहाटे घरी जाताना म्हणायचा, पोराला शाळेत घालायला पाहिजे.

या हवेत वाढलेला एक गडी म्हंजे वाळवे तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील. १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा शाहीर शंकरराव निकम यांचे पोवाडे गावोगाव गाजत होते. आणि पोवाड्याच्या जोडीला काम काय? गावातले तंटे गावात मिटवणं, आणि कर्ज न काढता साधी लग्नं लावणं. त्याला गांधी विवाह म्हणत. पोवाडा ऐकून पेटलेला माणूस दुसऱ्या दिवशी रिकामा बसत नव्हता.

ज्यांचं दुःख, त्यांचाच डफ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं, तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबारायांचे शब्द घातले होते. पुढं १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढलं, त्यावर माउलींची ओवी. आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो नंदनार, रविदास आणि आपले चोखोबा या तीन संतांना अर्पण केला. आपल्यातल्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगितलं.

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षं चालला. दगड खाल्ले, तुरुंग भोगले, पण दार उघडलं नाही. याच नाशिक भागात भीमराव कर्डक यांनी १९३१ च्या सुमारास जलसा उभा केला. माणसं दिवसा राबणारी, रात्री डफ घेऊन उभी राहणारी. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, दारू सोडा, शिळ्या तुकड्यासाठी दारोदार जाऊ नका, पोरं आणि पोरी शाळेत घाला, हे त्यांच्या जलशात. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुने लोक सांगतात. पुढं त्याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातले वामनदादा कर्डक हयातभर गात हिंडले.

इथं एक बारीक गोष्ट आहे, ती सोडू नका. नाथांनी जोहाराचं भारूड केलं ते प्रेमानं, त्या माणसाला मोठेपण द्यावा म्हणून. पण या लोकांनी स्वतः डफ हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा काय सोडलं? जोहार! आम्ही वाकून जोहार घालणार नाही, म्हणाले, आणि एकमेकांना जयभीम करू लागले. दुसऱ्यानं आपल्यासाठी कितीही कळवळून गायलं, तरी ज्याचं दुःख तोच गायला लागला की गाण्याचा अर्थ पालटतो. म्हणून कुणासाठी गायचं असेल तर आधी वीणा त्याच्या गळ्यात द्यावी. मग आपण मागं टाळ वाजवावा.

गाडगेबाबांचा खराटा

आता ज्यांनी कीर्तन कसं करावं ते दाखवलं, त्या गाडगेबाबांकडे येऊ. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातला. परीट समाजाचे, मूळ नाव डेबूजी. शाळा नाही, आपली चौथी तरी झाली, त्यांची तीही नाही. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि मडक्याचं खापर, तेच टोपी आणि तेच ताट.

त्यांच्या कीर्तनाचा क्रम बघा. गावात आले की आधी गाव झाडायचे. सांगायचं नाही, विचारायचं नाही, खराटा घेऊन सुरू. कोण हा वेडा म्हणून लोक बघायचे, मग लाजेनं एकेक जण झाडू घेऊन यायचा. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ, आणि मग रात्री कीर्तन. म्हंजे काम आधी आणि गाणं नंतर. आपलं उलटं चालतं.

कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे. साधे प्रश्न, पोरालाही उत्तर देता येईल असे. लोक एका सुरात उत्तर द्यायचे. उत्तर देता देता आपण कुठं येऊन अडकलो ते लोकांना कळायचं. कर्ज काढून लग्न का करता, देवापुढं बकरं का कापता, माणसाला शिवत नाही आणि कुत्र्याला मांडीवर कसं घेता, असं. मध्येच गोपाळाचा गजर, की सगळे मोकळे. ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शिकवा, हे त्यांचं सांगणं आजही म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे.

आणि पंढरीत त्यांनी काय केलं? वारीला यायचे, वाळवंट झाडायचे, पण देवळात जाण्याचा सोस केला नाही. ज्यांना कुणी उतरू देत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेच्या हवाली केली. कीर्तनानं पैसा जमला आणि पैशाची धर्मशाळा झाली, इस्पितळाजवळ रोग्यांच्या नातलगांना निवारा झाला. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले. त्यांच्या कीर्तनाचा निवारा मात्र अजून उभा आहे.

१९४७ : दार उघडलं तेव्हा

आता मुख्य दाखला. १९४६ च्या अखेरीस साने गुरुजींनी जाहीर केलं, की पंढरीचा विठोबा हरिजनांना मोकळा व्हावा म्हणून मी प्राणांतिक उपास करणार. सेनापती बापटांसारख्या जाणत्या माणसांनी सल्ला दिला, की आधी लोकांपुढं जा. मग गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर सेवा दलाचं कलापथक. तरुण पोरंपोरी गाणी म्हणायची, गुरुजी बोलायचे. गुरुजी बोलता बोलता रडायचे असं ऐकणारे सांगत.

पण त्या दौऱ्यात नुसती सभा होऊन लोक घरी जात नव्हते. पंढरीचं दार पुढं उघडेल, तुमच्या गावचं देऊळ आज उघडता का, असा सवाल असे. पाणवठा खुला करता का? एका पंगतीला बसता का? कित्येक गावांनी तिथल्या तिथं देवळं आणि विहिरी मोकळ्या केल्या. दार पंढरीत उघडायच्या आधी ते खेड्यापाड्यांत उघडत चाललं होतं.

१ मे १९४७ ला उपास सुरू झाला. पंढरीत विरोध मोठा. आपल्या संप्रदायातलेही काही जण विरोधात होते, हा इतिहास आहे. पण जागा कुणी दिली? आपल्यातल्याच तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. वारकऱ्याची मान ताठ राहावी असं ते काम झालं. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळी कबूल झाली, आणि १० मे ला उपास सुटला. त्याच साली मुंबई सरकारचा मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला. गाण्यानं मनाची कडी निघाली आणि कायद्यानं कुलूप निघालं. दोन्ही लागतं.

१३३८ ते १९४७, हिशेब मांडून बघा. सहाशे वर्षं नुसतं गाणं, आणि काही महिन्यांचं गाणं अधिक काम.

आपल्या दिंडीतली पंगत

इरावती कर्वे नावाच्या थोर विदुषी पायी वारी चालल्या आणि 'वाटचाल' नावाचा लेख त्यांनी लिहिला. एकाच दिंडीत ब्राह्मणांचं आणि मराठ्यांचं जेवण वेगळं शिजायचं, वेगळं बसायचं, याची खंत त्यांनी त्यात मांडली आहे. वाटेत अभंग एकत्र आणि मुक्कामावर ताटं वेगळी. आपली दिंडी याला अपवाद नव्हती. जुन्या लोकांकडून हेच ऐकलं, आणि लहानपणी मी डोळ्यांनी पाहिलं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा. सगळं गाव एकाच कामावर खडी फोडायला. पाटलाची सून आणि मांगवाड्यातली म्हातारी एकाच ढिगाऱ्यावर. सुकडी एकाच पातेल्यातली. दुपारी झाडाखाली भजन व्हायचं, तेही एकत्र. पुढच्या साली पाऊस झाला, दिंडी निघाली आणि मुक्कामावर पंगती परत वेगळ्या!

तेव्हा मांगवाड्यातले एक डफवाले होते. दिंडीत मागं चालायचे. एका मुक्कामावर रात्री भारुडाला ते उभे राहिले आणि भाकरीचं सोंग घेतलं. छातीला पिठाची चाळण बांधली आणि बायकी आवाजात भाकरी बोलायला लागली. मला पेरलं एकानं, खुरपलं दुसरीनं, दळलं तिसरीनं, थापलं चौथीनं. दुष्काळात माझ्यासाठी सगळे एका रांगेत उभे होते. आता पोट भरलं तर मला विचारताय तू कुणाच्या चुलीवरची? लोक आधी पोट धरून हसले. मग हसू थांबलं. बायामंडळी पदर डोळ्याला लावायला लागली.

एवढ्यावर राहिलं असतं तर ते एक चांगलं भारूड झालं असतं, बस. पण आपले त्या वेळचे विणेकरी सकाळी उठले, आणि दुपारच्या मुक्कामाला भाकरीची टोपली त्यांनी त्या डफवाल्यांच्या हातात दिली. म्हणाले, "आज पंगत एकच, आणि वाढपी हे." चार-सहा घरांनी ट्रंका उचलल्या आणि दुसऱ्या दिंडीत गेली. दोन वर्षं आपली दिंडी बारकी झाली. भिशी जमेना, मालक मंडळींना पदरमोड करावी लागली. पण पंगत परत मोडली नाही. गेलेल्यांतली बरीच घरं नंतर आली आणि त्याच पंगतीला बसली. आज पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. खरं वाटत नाही, हीच त्या सोंगाची कमाई.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

आता इतिहास सांगून झाला. कीर्तनकाराची सवय, शेवटी काहीतरी मागतो. तीन गोष्टी मागतो.

पहिली. दिंडीच्या प्रत्येक मुक्कामावर एक भारूड त्या गावाच्या अडचणीवर व्हावं. कर्जानं गळफास घेतलेला शेतकरी आहे, लग्नात डीजे लावून वावर विकणारा बाप आहे, लेकीचं शिक्षण मोडून तिला उजवणारे आहेत. भारूड झाल्यावर गावानं एक काम ठरवावं, आणि पुढच्या वारीला आपण विचारावं, काय झालं? विचारायला विसरायचं नाही.

दुसरी. सोयराबाईचा अभंग आपण म्हणतो, पण आपल्या दिंडीतल्या बायांच्या डोक्यावर तुळस आहे, गळ्यात वीणा अजून नाही. एका मुक्कामाचं कीर्तन बाईचं असावं आणि त्या दिवशी वीणाही बाईच्या गळ्यात असावी. यावर मंडळात वाद होईल. होऊ द्या. पंगतीच्या वेळीही झाला होता.

तिसरी. त्या डफवाल्यांच्या घरचा डफ अजून खुंटीला आहे. नातू पुण्याला कामाला असतो, आषाढीला येतो. भारुडाचा मान त्या घराकडे कायमचा द्यावा, आणि काय बोलायचं ते त्याला आपण सांगू नये. आपल्याला टोचणारं असलं तरी ऐकावं.

अडाण्याचे बोल, काही कमीजास्त असेल तर सांभाळून घ्यावं. लेख वारकरी माउलींच्या चरणी ठेवतो.

रामकृष्ण हरी.